वजन उतरेल तेव्हा उतरेल, आधी त्याला लंगडी शिकवा

"बाई, जरा वजन कमी होऊ दे, मग घालू त्याला खेळात." शाळेत खेळ शिकवताना हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. कारण हे पूर्ण उलटं आहे.

तिसरीतला एक मुलगा होता. लंगडी म्हटलं की खाली बसून बुटाची लेस बांधायचा. बांधलेलीच लेस. त्याला बाजूला घेतलं. भिंतीला हात टेकून एका पायावर नुसतं उभं राहायचं, एवढंच. मग जागच्या जागी एक उडी. गुडघा ताठ, अख्खा तळवा धपकन आदळायचा. "चवड्यावर उतर, गुडघा वाकू दे, हातांनी झोका घे." रोज पाच मिनिटं. महिन्याभराने भिंतीवरचा हात सुटला आणि सलग चार उड्या झाल्या. वजन होतं तेवढंच होतं!

धावणं, उडी, लंगडी, फेक, झेल, तोल ही शरीराची बाराखडी आहे. नुसतं वय वाढलं म्हणून ती नीट येत नाही, शिकवावी लागते. बारीक मुलांनाही. वजन जास्त असलं की अडचण येते ती मुख्यतः जिथे स्वतःचाच भार उचलायचा असतो तिथे. लंगडीत सगळा भार एकाच पायावर. फेक-झेलीत वजनाचा अडसर तितका नसतो, संशोधनातही साधारण हेच दिसतं. माझा तो लेसवाला मुलगा चेंडू काय लांब फेकायचा! पण ते कुणी बघितलंच नव्हतं.

2008 साली अमेरिकेतले संशोधक डेव्हिड स्टॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चक्र मांडलं: जमत नाही म्हणून मूल खेळत नाही, खेळत नाही म्हणून वजन वाढतं, वजन वाढलं की आणखी जमत नाही. लहान मुलांना आपल्याला सगळं झकास जमतं असंच वाटत असतं. सात-आठ वर्षांपुढे मात्र ती स्वतःला इतरांशी ताडून बघू लागतात आणि मग लेस बांधायला बसतात. म्हणून त्याआधीची वर्षं फार मोलाची.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. पण ज्याला उडीच मारता येत नाही, तो ती 60 मिनिटं करणार काय? शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणं तर आधी बंद करा. धावण्याचा कायमचा तिटकारा बसतो.

आणखी एक, माझ्या सहशिक्षकांसाठी. 'बाद' होण्याचे खेळ. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिल्या मिनिटाला बाद होऊन उरलेला तास कडेला बसतो. माझ्या तासाला आता बाद झालेला पळत जाऊन भिंतीला हात लावतो आणि परत खेळात येतो.