पांढरे हरीण मारून कळप ‘सुधारत’ नाही

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. गोषवारा असा: पांढरे किंवा बांडे हरीण दिसले तर पहिली गोळी त्यालाच घाला. ते सदोष आणि रोगट आहे, जवळच्या नात्यातल्या संकरातून जन्मले आहे, त्याचे जनुक कळपभर पसरेल, आणि नाहीतरी ते जंगलात तग धरणार नाही. थोडक्यात, त्याला मारणे ही कळपाची सेवा. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार तिथे परवान्यावर कायदेशीर आहे. ती असावी की नसावी या वादात मी शिरत नाही. मला खटकते ती ही ‘सेवा’.

पहिली गफलत म्हणजे सगळे वेगळे रंग एकाच पोत्यात भरणे. अल्बिनो हरणाच्या अंगात मेलॅनिन हे रंगद्रव्यच तयार होत नाही. डोळे आणि नाक गुलाबी, नजर अधू. ल्युसिस्टिक हरीण पांढरे असते, पण त्याचे डोळे आणि नाक नेहमीसारखे गडद. बांड्याच्या अंगावर तपकिरी-पांढरे मोठे चट्टे. काळपट, म्हणजे मेलॅनिस्टिक हरणे त्याहून वेगळी. ती सर्वाधिक दिसतात मध्य टेक्सासात. या चौघांची कारणे एक नाहीत, मग ‘दोष’ एक कसा असेल?

आता मुख्य मुद्दा, जनुक ‘काढून टाकण्याचा’. अल्बिनोपणाचे जनुक अप्रभावी असते. आई आणि बाप दोघांकडून त्याची एकेक प्रत मिळाली तरच पाडस पांढरे होते. एकच प्रत असेल तर हरीण दिसायला अगदी तपकिरी, पण वाहक. हिशेबापुरते धरा की दहा हजार हरणांत एक अल्बिनो आहे. प्रत्येकाकडे त्या जागी जनुकाच्या दोन प्रती, म्हणजे एकूण वीस हजार. दोन्ही प्रती तशा असण्याची शक्यता दहा हजारांत एक, म्हणजे एकेका प्रतीची शंभरात एक; या गणिताने त्यातल्या सुमारे दोनशे अल्बिनोपणाच्या निघतात. पांढऱ्या हरणाकडे त्यातल्या किती? दोन. उरलेल्या १९८ तपकिरी हरणांच्या अंगात आहेत, आणि ती कोणती हे दुर्बिणीतून बघून कोणीही सांगू शकत नाही. गोळी घातली, पांढरे हरीण पडले, आणि १९८ प्रती निवांत चरत राहिल्या. शिवाय त्या पांढऱ्या हरणाची जोडी वाहक नसलेल्या तपकिरी हरणाशी जमली असती तर सगळी पाडसे तपकिरीच झाली असती.

‘कळप बिघडतो’ ही कल्पनाही गोठ्यातून आलेली आहे. गोठ्यात वळू कोणता लावायचा ते मालक ठरवतो. व्हाइटटेलमध्ये माद्या आपापल्या पिल्लांसह लहान टोळ्यांत राहतात आणि नर माजाच्या काळात एकेका मादीमागे फिरतो. जनानखाना राखणारा नर त्यांच्यात नसतो. एकाच मादीच्या जुळ्यांचे बाप वेगवेगळे असल्याचेही आढळले आहे. एक नर मारून पुढच्या पिढीला वळण लावणे इथे जमत नाही. दक्षिण टेक्सासातल्या कोमॅन्ची रँचवर शिंगांसाठी हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला: हेलिकॉप्टरमधून जाळी टाकून नर पकडायचे, शिंगे मोजायची, कमी प्रतीचे नर काढून टाकायचे. वर्षानुवर्षे हे करूनही शिंगांत अपेक्षित सुधारणा झाली नाही. तिथे निदान मोजपट्टी तरी होती!

या मजकुराच्या बाजूने एक उदाहरण मात्र खरे देता येते. न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लष्करी डेपोला १९४१ मध्ये कुंपण पडले आणि हरणे आत अडकली. पुढे काही पांढरी हरणे दिसली, लष्कराने त्यांना अभय दिले, शिकार तपकिरी हरणांची होत राहिली. काही दशकांत पांढऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. म्हणजे राखल्याने रंग वाढतो की! वाढतो, पण बंद कुंपणात, एका रंगाला अभय आणि दुसऱ्याला गोळी असा भेदभाव पिढ्यान्‌पिढ्या चालवला तर. खुल्या जंगलात एखादे हरीण सोडून दिल्याने तसे होत नाही. आणि ती हरणे ल्युसिस्टिक आहेत: गडद डोळ्यांची, चालतीफिरती, पाडसे वाढवणारी. ‘सदोष’ म्हणवणाऱ्या जनावरांनी बर्फाळ हिवाळ्यांत इतकी वर्षे काढली, हे उदाहरण देणाऱ्याने सांगायला हवे.

बांड्यांच्या बाबतीत मजकुरात अर्धे तथ्य आहे, आणि ते मान्य करायला हवे. काही बांड्या हरणांत नाकाड फुगीर, खालचा जबडा आखूड, पाठीचा कणा वाकडा, पाय खुजे अशी व्यंगे खरोखर दिसतात. पण सगळ्यांत नाही; कितीतरी बांडी हरणे चट्टे सोडले तर धडधाकट असतात. लंगडणारे, खंगलेले हरीण मारायचे तर खुशाल मारा, पण मग तपकिरी लंगडेही त्याच न्यायाने मारा.

नात्यातला संकर? लहान, तुटक्या वस्तीत दोन वाहक भेटण्याची शक्यता वाढते, एवढेच. फक्त रंगावरून आईबापांचे नाते ठरत नाही. रोगाचेही तेच: हरणांना जर्जर करणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज प्रिऑन या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही.

राहिला ‘तसेही जगत नाही’ हा मुद्दा. हिरव्या रानात पांढरे अंग उठून दिसते, अल्बिनोची नजर कमजोर, म्हणून त्याला धोका जास्त, हे खरे. पण जे जगणारच नाही ते आपले जनुक कळपभर पसरवणार कसे? एकाच दमात दोन्ही म्हणता येत नाही.

उलट बाजूची मंडळीही पांढरे हरीण राखणे म्हणजे ‘संवर्धन’ असे सांगतात, तेही फुगवलेलेच. व्हाइटटेल ही दुर्मीळ जात नाही. दुर्मीळ आहे तो रंग. मिशिगनने २००८ मध्ये अशा हरणांवरची शिकारबंदी उठवली आणि त्यामुळे हरणांचे काही बिघडले नाही. जिथे परवानगी आहे तिथे एखाद्याने भिंतीवर लावायला पांढरे हरीण मारले, तर ती त्याची हौस. दुसऱ्याने बघत बसण्यासाठी सोडले, तर तीही हौसच. मला दुसरी जास्त आवडते, पण आवड ही आवड म्हणून सांगावी, तिला जनुकशास्त्राचा अंगरखा घालू नये.

आणि ‘पहिली गोळी त्यालाच’ म्हणणाऱ्याने नियमावली उघडलेली दिसत नाही. विस्कॉन्सिनमध्ये डोके, खूर आणि मागच्या पायांवरच्या गंधग्रंथी वगळता बाकी अंग पांढरे असेल तर ते हरीण मारणे बेकायदा आहे. इलिनॉय, आयोवा, टेनेसी इथेही पांढऱ्या किंवा अल्बिनो हरणांना आपापल्या व्याख्येनुसार संरक्षण आहे. तिथे हा सल्ला पाळला तर दंड भरायला मजकूर पुढे पाठवणारा येणार नाही.