लाल डोळा, पित्त आणि माझी एक चूक

२०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ आठवत असेल. आमच्या दवाखान्याच्या बाकावर तेव्हा सगळे काळे गॉगल लावून बसायचे. निदान दारातच व्हायचं, गॉगल दिसला की माझा हात चिठ्ठीकडे. ती साथ व्हायरसची होती, बहुतेकांचे डोळे आठ-दहा दिवसांत आपोआप बरे झाले आणि श्रेय मला मिळालं. सवय मात्र तिथंच बिघडली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात रात्री साडेनऊला एक मावशी आल्या. वय साठीचं. डोकं ठणकतंय, दोन उलट्या झाल्यात, उजवा डोळा लाल. "पित्त उसळलंय डॉक्टर," त्यांनीच सांगितलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, असंही काहीतरी म्हणाल्या. मी शटर ओढायच्या घाईत होतो. उलटीचं इंजेक्शन दिलं, डोळ्यात टाकायला एक ड्रॉप लिहिला आणि घरी पाठवलं.

सकाळी मुलगा परत घेऊन आला. "आईला त्या डोळ्यानं नुसतं धुकं दिसतंय." आता मी टॉर्च घेतला. बुबुळाची चमक गेलेली, बाहुली अर्धवट मोठी झालेली, उजेड टाकला तरी हलेना. पापणी मिटवून वरून दोन बोटांनी दाबून पाहिलं तर डोळा गोटीसारखा टणक लागला. काचबिंदूचा झटका होता. डोळ्यातला दाब साधारण दहा ते एकवीस मिलिमीटर पारा असावा, त्यांचा पन्नासच्या वर निघाला. नजर वाचली, पण पूर्वीसारखी नाही. त्या रात्री टॉर्च माझ्या खिशातच होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

आम्हा जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांना डोळ्याची भीती वाटते. इंटर्नशिपमधले डोळ्यांचे पंधरा दिवस निम्मे चहात गेलेले असतात. मग डोळा म्हटलं की ड्रॉप लिहायचा, नाहीतर 'स्पेशालिस्टला दाखवा' म्हणायचं, तिसरं काही सुचत नाही. खरं तर मशीन नसतानाही बरंच कळतं. चिपडं येतात, डोळा खुपतो, पण दुखत नाही आणि दिसतं नीट, तर ते डोळे येणंच. पण नजर कमी झाली असेल, उजेड सहन होत नसेल, डोळा आतून ठणकत असेल, लाली बुबुळाच्या कडेला गोल दाटली असेल किंवा दोन बाहुल्या सारख्या नसतील, तर त्या दिवशीच पुढं पाठवायचं. पांढऱ्या भागावर रक्ताचा लालभडक डाग पाहून घरचे घाबरून पळत येतात. मार लागलेला नसेल तर तो बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो, बीपी तेवढं बघावं.

माझा खरा राग आहे तो स्टेरॉइडच्या ड्रॉपवर. आमच्याकडं उसाचं पान डोळ्याला लागणं रोजचं. माणूस मेडिकलमधून 'लाली घालवणारा' ड्रॉप आणतो, आणि खरं सांगायचं तर कधीकधी आम्हीच तो लिहून देतो. अँटिबायोटिकच्या जोडीला त्यात स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत लाली ओसरते, ड्रॉप गुणकारी ठरतो, शेजाऱ्यालाही दिला जातो. आणि पानानं झालेल्या जखमेत शिरलेली बुरशी तोवर आत आरामात वाढत असते. आठवड्यानं बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. मग महिनोन्‌महिने उपचार, आणि एवढं करून डोळ्यात फूल पडतं ते पडतंच. फ्लुरोसिन नावाच्या रंगाची कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं तर अशी जखम हिरवी चमकते. पट्टी महाग नाही, आता माझ्या ड्रॉवरमध्ये असते.

नजर तपासायचा तक्ताही लावलाय. सहा मीटर अंतर हवं आणि माझी खोली दहा फुटांची, म्हणून तो व्हरांड्याच्या टोकाला टांगलाय. अक्षरओळख नसलेल्यांसाठी 'ई'चा, फाटे कुठल्या बाजूला आहेत ते हातानं दाखवायचं. अंधूक दिसणाऱ्याला पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक भोकातून बघायला लावतो. त्यातनं स्पष्ट दिसलं तर बहुतेक वेळा चष्म्याचं काम. अडचण एकच, बाकावरची मंडळी मोठ्यांदा उत्तरं सांगतात. पाटलांच्या आजीला तर अख्खा तक्ता पाठ झालाय.

मागच्या महिन्यात एक काका बीपीची गोळी न्यायला आले. बारा वर्षांची शुगर, तिनं खराब होऊ शकणारा डोळ्याच्या आतला पडदा एकदाही तपासलेला नाही, कारण "दिसतंय की व्यवस्थित". म्हटलं, आलाच आहात तर तक्ता वाचा. उजवा डोळा झाकून डाव्यानं भराभर खालपर्यंत आले. मग मी डावा झाकायला सांगितला. काका थांबले, मान पुढं काढली, आणि मला विचारलं, "डॉक्टर, तक्ता काढला का?"