झुंजारला नको म्हणणारे तुम्ही कोण?

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसले आहे. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी नेहमीसारखा अंगठा द्यावा आणि पुढे जावं.

सकाळी आत्याच्या पुस्तकांचं खोकं रिक्षात घालून आपल्या बडोद्यातल्या एका मराठी वाचनालयात नेलं. नाव लिहिणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका. घर आवरणं चाललंय, सगळी पुस्तकं माझ्या फ्लॅटमध्ये मावणार नाहीत, म्हटलं चार लोक वाचतील. टेबलावरचा मुलगा एकेक पुस्तक काढून दोन गठ्ठे करायला लागला. ऐतिहासिक कादंबरी डावीकडे. कुणाचं तरी आत्मचरित्र डावीकडे. हळदीचे डाग पडलेलं, पुठ्ठा सुटलेलं रुचकर पदार्थांचं पुस्तक, तेसुद्धा डावीकडे! झुंजार उजवीकडे. धनंजय उजवीकडे. काळापहाड उजवीकडे. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे हे नायक, सगळे उजवीकडे. मग तो उजवा गठ्ठा जसाच्या तसा खोक्यात परत गेला आणि वर, "काकू, ही नाही चालणार. कमिटीनं सांगितलंय, स्टँडर्ड वाङ्मयच घ्यायचं."

खोकं घेऊन बाहेर आले. सुरसागर तलाव येईपर्यंत मी शांत होते. तिथून पुढे जो राग चढला तो जेवण झालं, झोप झाली, तरी उतरलेला नाही.

बाबुराव अर्नाळकर चालत नाहीत. बरं. मग चालतं कोण? तुमच्या त्या डावीकडच्या गठ्ठ्यातली निम्मी पुस्तकं आत्याला बक्षीस म्हणून मिळालेली होती, तिनं ती उघडलीसुद्धा नव्हती. पानं एकमेकांना चिकटलेली होती, त्या मुलाच्या लक्षात आलं नाही. आणि जी वाचून वाचून मऊ पडली, ज्यांच्या पाठीला तिनं स्वतः खळ लावून कापड चिकटवलं, ती पुस्तकं परत.

आत्याची एक गोष्ट सांगते. काही जुन्या मित्रमंडळींनी ऐकली असेल, पुन्हा ऐका.

आमचा दांडिया बाजारातला वाडा. आत्यानं लग्न केलं नाही, टेलिफोन खात्यात नोकरी केली, आमच्यातच राहिली. तिची सगळी शाळा गुजरातीतून. हिशेब आणि वाण्याची यादी ती शेवटपर्यंत गुजरातीतच लिहायची. घरात बोलणं मराठी, पण वाचायचं म्हटलं की अडखळायची. आजोबांनी तिच्यापुढे ज्ञानेश्वरी ठेवून बघितली, मग हरिविजय ठेवून बघितला. गाडी काही हलली नाही. गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, म्हणजे एका दुकानाच्या मागच्या भिंतीवर चार फळ्या. तिथून तिनं एक झुंजार आणला आणि रात्रभर दिवा जाळला म्हणून बोलणी खाल्ली. त्यानंतर तिला मराठी वाचायला कुणी शिकवावं लागलं नाही.

मग ती आम्हाला वाचून दाखवायला लागली. थंडीत पापडीच्या शेंगा निवडायला सगळ्या बायका ओटीवर बसायच्या, आम्ही पोरं मध्ये, आजी भिंतीला टेकून. आत्याच्या हातात पुस्तक असलं की तिला पापडीतून सूट. आवाज काय लावायची! खलनायकाला नाकातून, झुंजारच्या विजयाला जरा गोड, इन्स्पेक्टरला आमच्या वडिलांचा.

एकदा असंच पुस्तक शेवटाला आलेलं. सगळी मंडळी दिवाणखान्यात जमली आहेत, झुंजार आता बोट दाखवणार, आमच्या हातातली पापडी हातातच. आत्यानं बोट ओलं करून पान उलटलं, क्षणभर थांबली, घसा खाकरला आणि वाचत राहिली. खुनी निघाला घरचा डॉक्टर. कारण डॉक्टर डावखुरा, आणि मागे एका प्रकरणात त्यानं चहाचा कप डाव्या हातानं उचललेला होता. आजी म्हणाली, "मला त्याचा संशय होताच." सगळे उठले, पापडी फोडणीला गेली.

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक उघडलं तर शेवटचा फर्माच, म्हणजे शेवटच्या पानांचा गठ्ठाच, नाही! वाक्य अर्ध्यात तुटलेलं, पुढे नुसता पुठ्ठा. ती शेवटची सगळी पानं आत्यानं मनानं वाचली होती. मी स्वयंपाकघरात धावले तर म्हणाली, "कळलं ना? मग आता तोंड बंद. आजीला बोललीस तर बघ."

आता मला सांगा, याला काय म्हणायचं? मागच्या प्रकरणातला कप तिच्या लक्षात होता. कोण कुठे बसलं होतं, कुणाला कुणाची किल्ली माहीत होती, सगळं डोक्यात ठेवून तिनं उभ्या उभ्या शेवट रचला आणि तो आजीसारख्या संशयी बाईच्या पचनी पडला. एवढं बारीक वाचणारा वाचक तुमच्या त्या कमिटीत एक तरी आहे का?

थोडं आठवण करून देते, कारण आपल्याकडे हे कुणी सांगत नाही. बाबुरावांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६चा, गेले १९९६ साली. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, गिनीज बुकात नोंद झाली. हजार! आपल्यातले कित्येक जण आयुष्यात हजार पत्रं लिहीत नाहीत. झुंजार आणि विजया, धनंजय आणि छोटू, काळापहाड, ही माणसं लोकांच्या घरात राहायला आली आणि तीन पिढ्या राहिली. पाठ्यपुस्तकात धडा नाही, व्याख्यानमालेत विषय नाही, संमेलनात नाव निघालंच तर हसण्यापुरतं.

आणि गंमत बघा. ज्या १९०६ साली बाबुराव जन्मले, त्याच साली आपल्या सयाजीराव महाराजांनी बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सगळीकडे सक्तीचं केलं. पोरं शिकली, पण शाळा सुटल्यावर वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरतील, हे महाराजांना कळत होतं. म्हणून १९१० साली अमेरिकेतून ग्रंथालयांचे जाणकार बॉर्डनसाहेब यांना आणलं, ग्रंथालयं काढली, आणि ज्या खेड्यात ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या. मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी आठवा, मजल्यांची ती काचेची जमीन, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत पोचावा म्हणून केलेली. असा विचार केला होता लोकांनी! ज्या गावातून पुस्तकांची पेटी खेड्यात जायची, त्या गावात आज मी पुस्तकांचं खोकं घेऊन गेले आणि ते परत आलं.

(रिक्षावाल्यानं जाण्यायेण्याचे दोन्ही पैसे घेतले, तो भाग वेगळा.)

बंगाल्यांकडे बघा जरा. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश १९३२चा. लेखक १९७० साली गेले, पण ब्योमकेशवर सिनेमे, मालिका अजून निघतात. शेवटची कितीतरी वर्षं ते आपल्या पुण्यात राहत होते, म्हणजे कलकत्त्याचा तो डिटेक्टिव्ह पुण्यात बसून लिहिला जात होता! सत्यजित राय यांचा फेलूदा १९६५ पासूनचा. तिथे प्राध्यापकसुद्धा 'मी लहानपणी फेलूदा वाचला' असं छाती पुढे काढून सांगतो. १९७५ साली अगाथा ख्रिस्तीबाईंच्या पॉयरो या डिटेक्टिव्हचं शेवटचं पुस्तक आलं तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर त्याचा मृत्युलेख छापला. कल्पनेतल्या माणसाचा! आणि आपण? हाडामांसाच्या लेखकाची पुस्तकं उजवीकडच्या गठ्ठ्यात.

हो हो, माहीत आहे. कथानकं बरीचशी इंग्रजीवरून उचललेली, योगायोगांचा सुकाळ, आणि दहा पुस्तकं वाचल्यावर अकराव्यात काय होणार ते कळायचं. मान्य. पुढे.

कारण माझा मुद्दा तो नाहीच. बाबुरावांना ज्ञानपीठ द्या असं मी म्हणत नाही. मी बडोद्याबद्दल बोलते आहे. आपण मराठी माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो. बाजार गुजराती, शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी, पाटी गुजराती, आणि त्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, मी स्वतः भांडते ते गुजरातीतून. अशा गावात मराठी वाचायची सक्ती कुणालाच नाही. नोकरीला नको, परीक्षेला नको. जो वाचेल तो गोडीनंच वाचेल. ती गोडी आत्याला लावली कुणी? ज्ञानेश्वरी तर घरातच होती की, देव्हाऱ्याशेजारी! पुढे म्हातारपणी तिनं ज्ञानेश्वरीसुद्धा वाचली, हळूहळू, बोट ठेवून. पण त्या बोटाला मराठी ओळीवर चालायची सवय झुंजारनं लावली होती.

दर २७ फेब्रुवारीला आपण सगळे जमतो, शाल-श्रीफळ होतं, आणि एक वक्ता हमखास म्हणतो की नवी पिढी मराठी वाचत नाही. समोर कोण असतं? पांढऱ्या केसांच्या दोन रांगा आणि मागे घडी न उघडलेल्या खुर्च्या. नवी पिढी वाचणार काय, तुम्ही ठेवलंय काय तिच्यासाठी? पहिल्याच पायरीला 'स्टँडर्ड'चं कुलूप लावून ठेवलंय, आणि वर पोरं माडीवर का येत नाहीत म्हणून परिसंवाद!

मला हेही कळत नाही की या लोकांना लाज कशाची वाटते. त्या कमिटीतले दोघे-तिघे माझ्या माहितीतले आहेत. त्यातल्या एकाला मी आमच्या ओटीवर, पापडीच्या ढिगापलीकडे, तोंड उघडं टाकून ऐकताना बघितलेलं आहे. डावखुऱ्या डॉक्टरच्या वेळी तो हजर होता! घरी जायला उशीर झाला म्हणून त्याची आई बोलवायला आली तर "थांब, झुंजार आलाय" म्हणाला होता. आज तो कमिटीत. वाचत असशील तर वाच. नाव लिहीत नाही, आत्याचे संस्कार.

चहा घेऊन आले. जरा बरं वाटतंय.

त्या मुलावर मघाशी जास्तच घसरले. त्याचा काय दोष, त्याला सांगितलं तसं त्यानं केलं. आणि एक गोष्ट लिहायची राहिली. खोकं बांधता बांधता त्यानं एक काळापहाड सहज उघडला होता. उभ्यानं वाचत होता. मी पावतीची वाट बघत होते, मागे आणखी एक बाई येऊन थांबल्या, तरी याचं लक्ष नाही. पान उलटलंसुद्धा. मग बाईंनी हाक मारली तेव्हा दचकून खोक्यात टाकलं. त्याला तिथेच म्हणणार होते, घेऊन जा घरी, पण कमिटीचं ऐकून जीभ कडू झाली होती.

१९९६ साली बाबुराव गेल्याची बातमी आत्यानं पेपरात वाचली. आमच्याकडे मुंबईचा मराठी पेपर तेव्हा उशिरा यायचा. तिनं चप्पल घातली आणि गल्लीतल्या जुन्या वाचणाऱ्यांच्या घरोघर जाऊन सांगून आली, माणूस गेल्यावर कळवतात तसं. दोन घरी तर मुलंच भेटली, वाचणारी माणसं आधीच गेलेली. शेजारच्या गुजराती बेननी विचारलं, "कोण गुजरी गया? तमारा सगा?" आत्या म्हणाली, "हा, सगा ज." तिला बाबुराव दिसायला कसे होते ते ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिनं अंघोळ केली नाही, एवढं मी मुद्दाम बघितलं, पण संध्याकाळी रेडिओ लावू दिला नाही.

असं कुणाच्या जाण्याचं वाटून घेणं आता बघायला मिळत नाही. हल्ली लेखक गेला की आपण फोटो टाकतो, खाली 'भावपूर्ण', आणि दुपारी आंब्याच्या डब्यांचे भाव. मीही टाकते, तुम्हीही टाकता. सु. शि., म्हणजे रहस्यकथाकार सुहास शिरवळकर, २००३ साली गेले तेव्हाची माझ्या भाच्याची अवस्था आठवते, कॉलेजातला पोरगा दिवसभर कुणाशी बोलला नाही. त्यानंतर इतकं मनाला लावून घेणारा वाचक माझ्या तरी बघण्यात नाही. सुशिसुद्धा उजवीकडच्याच गठ्ठ्यात जात असतील. विचारलं नाही.

तर आता कामाचं. खोकं माझ्याकडे आहे. रद्दीत जाणार नाही, हे आधी सांगते. अर्नाळकर बरेच आहेत, काहींची मुखपृष्ठं गेली आहेत, एक-दोन कसरीनं खाल्लेत, पण अक्षर वाचता येतं. ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षांची पोरं आहेत आणि ती मराठी बोलतात पण वाचत नाहीत, त्यांनी घेऊन जा. डिपॉझिट नाही, वर्गणी नाही, परत दिलं तर आनंद, नाही दिलं तर त्याहून जास्त, कारण त्याचा अर्थ ते पुढे कुणीतरी वाचायला नेलं. पोरांना पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि ऐन मोक्यावर काम आहे म्हणून उठून जा. पुढचं ती बघतील.

शेवटचा फर्मा नसलेली ती प्रत मात्र मिळणार नाही. दुकान बंद झालं तेव्हा आत्यानं ती त्या दुकानदाराकडून मागून आणली होती. कुणाकडे त्याच पुस्तकाची पूर्ण प्रत असेल आणि खरा खुनी कोण ते माहीत असेल, तर कृपा करून मला सांगू नका. आमच्याकडे डॉक्टरच.

त्या काळापहाडाची प्रत बाजूला काढून ठेवली आहे. त्या मुलाला ओळखणारं कुणी इथे असेल तर निरोप द्या, येऊन घेऊन जा म्हणावं. कमिटीला कळणार नाही.

यायच्या आधी फोन करा. रविवारी सकाळी येऊ नका, शेव-उसळीच्या रांगेत असते.