इमॅक्युलाटाच्या मुली जिंकल्या, तेव्हा तिघी घरी होत्या

मुलींच्या खेळावर बोलायला कुणी उभं राहिलं की गोष्ट ठरलेली असते. बूट नव्हते, मैदान नव्हतं, घरून विरोध होता, तरी पोरींनी करून दाखवलं! टाळ्या पडतात. मी अशाच गोष्टी ऐकत वाढले आणि आज मुलींना बास्केटबॉल शिकवताना त्या सांगतेही. पण त्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मला हल्ली वेगळी दिसायला लागली आहे. आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून आधी गोष्टच सांगते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला इमॅक्युलाटा नावाचं कॉलेज आहे. तेव्हा ते फक्त मुलींचं होतं, छोटंसं, कॅथलिक नन्सनी चालवलेलं. १९६७ मध्ये त्यांची जिमची इमारत आगीत जळाली. १९७० मध्ये कॅथी रश नावाची विशीतली कोच तिथे आली. तिचा पगार वर्षाला ४५० डॉलर. महिन्याचा नव्हे, वर्षाचा. हक्काचं कोर्ट नाही, म्हणून सराव नन्सच्या इमारतीच्या तळघरात. अंगात लोकरीचा चुण्यांचा ट्यूनिक, म्हणजे झग्यासारखा गणवेश. ज्यांनी पूर्ण कोर्टभर धावून डिफेन्स केला आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. दहा मिनिटांत लोकर घामाने जड होते, मांड्यांना घासते, आणि रिबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला चेंडू पकडायला, उडी मारताना तीच लोकर तुम्हाला खाली ओढते.

१९७१-७२ चा तो मोसम महिला बास्केटबॉलसाठीच नवा होता. त्याआधी अमेरिकेत मुली सहा-सहाच्या संघात खेळायच्या आणि बऱ्याच जणींना कोर्टच्या अर्ध्याच भागात खेळायची मुभा असायची, कारण बायकांना एवढी धाव झेपत नाही असं मानलं जायचं. १९७१ मध्ये पाच खेळाडू आणि पूर्ण कोर्ट हा नियम कायम झाला. रशचे पती एनबीएमध्ये, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमध्ये, रेफरी होते आणि पुरुषांचा खेळ ती जवळून बघत होती. तिथला दबावाचा डिफेन्स तिने आपल्या मुलींना शिकवला. संघाची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी खेळाडू, थेरेसा शँक. घराला आग लागल्यामुळे दूरचं कॉलेज सोडून ती घराजवळच्या या कॉलेजात आली होती. त्या काळच्या मानाने ती उंच आणि रिंगखाली अडवायला महाकठीण. प्रेक्षकांत नन्स बसायच्या. एका खेळाडूच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यांनी आणलेल्या पत्र्याच्या बादल्या बडवून त्या संघाला जोर द्यायच्या.

मोसमात २४ विजय आणि एकच हार. ती हारही साधीसुधी नाही. विभागीय स्पर्धेत शेजारच्याच वेस्ट चेस्टर स्टेटने त्यांना ३२ गुणांनी धुतलं. तरीही राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली, १६ संघांत पंधरावं मानांकन. स्पर्धा होती इलिनॉयमधल्या नॉर्मल या गावी. म्हणजे विमानप्रवास आला, आणि कॉलेजकडे पैसे नव्हते. मुलींनी टूथब्रश विकले. जमले त्या पैशांत संघातल्या अकरापैकी आठच जणी जाऊ शकत होत्या. ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर बसून त्या गेल्या.

आठ जणी म्हणजे कोर्टवर पाच, बाकावर तीन. जेतेपदासाठी लागोपाठ चार सामने जिंकायचे. फाउल झाले, पाय मुरगळला, तर बदली कोण? त्या चारही जिंकल्या. अंतिम सामन्यात समोर पुन्हा वेस्ट चेस्टर, कॅथी रशचं स्वतःचं जुनं कॉलेज. आदल्याच आठवड्यांत आपल्याला ३२ गुणांनी हरवणाऱ्या संघाला त्यांनी ५२-४८ असं हरवलं आणि एआयएडब्ल्यूच्या, म्हणजे तेव्हाच्या महिला महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद घेऊन आल्या. पुढची दोन वर्षंही त्याच जिंकल्या. २०१४ मध्ये हा अख्खा संघ बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला.

इथवर आलं की माझे डोळे अजूनही भरतात. पण मी आता त्या घरी राहिलेल्या मुलींचा विचार करते. त्यांनीही तीच लोकर घातली होती, त्याच तळघरात घाम गाळला होता. विमानाचं तिकीट परवडलं नाही म्हणून त्यांच्या कॉलेजच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सामना त्यांच्याशिवाय झाला. आपण सांगताना ‘फक्त आठ जणींनी जिंकलं’ असं कौतुकाने सांगतो. मला ते कौतुक आता सहन होत नाही. पैसे नसणं हा त्या संघाचा गुण नव्हता. तो त्यांच्यावरचा अन्याय होता, आणि त्या अन्यायासकट त्या जिंकल्या.

माझ्या कॉलेजच्या दिवसांत आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या यादीत बारा नावं होती आणि मुलींसाठी टीए-डीए, म्हणजे प्रवासाचा आणि रोजचा भत्ता, मंजूर झाला दहा जणींचा. मुलांच्या यादीतले बाराच्या बारा गेले. मागे राहिलेल्यांपैकी एक आमची सगळ्यात चांगली बॉल हँडलर होती, फक्त ज्युनियर होती म्हणून कापली गेली. पुढच्या वर्षी ती ट्रायल्सला आलीच नाही. तिला जिद्द नव्हती असं कुणी म्हणू नये.

इमॅक्युलाटाच्या विजयानंतर तीनच महिन्यांनी, जून १९७२ मध्ये, अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगी आहे म्हणून कुणाला वगळायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. खेळ हा शब्दही मूळ कलमात नाही. पण त्याचा खेळावर काय परिणाम झाला बघा: १९७१-७२ मध्ये तिथल्या हायस्कूलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या, आज तीस लाखांहून जास्त आहेत. अमेरिकेतल्या मुलींना अचानक दहापट जिद्द फुटली का? कोर्ट मिळालं, कोच मिळाले, बस मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली.

याची एक कडू बाजूही आहे. मोठ्या विद्यापीठांनी मुलींना शिष्यवृत्त्या द्यायला सुरुवात केली आणि छोट्या इमॅक्युलाटाला त्यांच्याशी टक्कर देणं जमेना. १९७५ आणि १९७६ मध्ये त्या अंतिम सामन्यात हरल्या, १९७७ मध्ये रश बाहेर पडली. आज ते कॉलेज तिसऱ्या श्रेणीत खेळतं. मला त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. तरी मागे वळून तळघर मागावं असं मुळीच वाटत नाही. त्याच संघातल्या थेरेसा शँकने पुढे प्रशिक्षक म्हणून रटगर्स विद्यापीठाला १९८२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद दिलं आणि १९९२ च्या ऑलिंपिकला अमेरिकेचा महिला संघ नेला. मॅरिअन क्रॉफर्ड, तिथलीच पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारी, हिने प्रशिक्षक म्हणून ओल्ड डोमिनियन विद्यापीठाला तीनदा विजेतं केलं. एका संघावर थोडासा का होईना खर्च झाला तर तो पुढे किती मुलींपर्यंत पोचतो, हे यातून दिसतं.

आणि कायदा झाला म्हणजे काम संपलं असंही नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या महिला महाविद्यालयीन स्पर्धेत खेळाडूंना व्यायामासाठी डंबेल्सची एक छोटी मांडणी दिली होती आणि पुरुषांना अख्खी सुसज्ज जिम. एका खेळाडूने व्हिडिओ टाकला, बोभाटा झाला, तेव्हा कुठे सामान आलं. तीनच वर्षांनी, २०२४ मध्ये, महिलांचा अंतिम सामना टीव्हीवर पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. ‘मुलींचा खेळ बघतंय कोण’ हे कारण आता कुणी माझ्यापुढे करू नये.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक कॉलेज प्रवेशाच्या वेळी जिमखाना फी घेतं. मुलींकडून आणि मुलांकडून सारखीच घेतं. मग ती खर्च कशी होते, हे विचारायला पालक का लाजतात? ट्रॅकसूट कुणाला नवे आणि कुणाला गेल्या वर्षीचे, कोर्ट संध्याकाळी पाच ते सात कुणाला आणि भर दुपारी उन्हात कुणाला, स्पर्धेला जाताना आरक्षण कुणाचं असतं आणि जनरल डब्यात कोण बसतं, मुलींच्या संघाबरोबर बाई प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक जाते का, कोर्टजवळ मुलींसाठी कपडे बदलायची खोली आहे का. हे प्रश्न भांडणाचे नाहीत, आपण भरलेल्या फीचे आहेत.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींची मुलं यंदा कॉलेजात आहेत. मुलगी खेळत असेल किंवा नसेल, पुढच्या पालकसभेत जिमखान्याचा खर्च मुलं आणि मुली असा वेगवेगळा मागा. प्राचार्यांना अर्ज कसा लिहायचा हे हवं असेल तर मला मेसेज करा, मसुदा मी देते.