‘सोलापुरात भेदभाव उरलाय कुठे?’ या फिरत्या मेसेजला उत्तर

‘सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एका गल्लीत नांदतात. इथे भेदभाव उरलेला नाही. गुण असले की काम मिळतंच. बाकीचे बारीकसारीक गोष्टी उगाच मनाला लावून घेतात.’ व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर जोरात फिरतोय. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण त्यातले दावे तपासणीत टिकत नाहीत.

आधी शेजाराचं बघू. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगितलं होतं की नुसत्या सहवासाने पूर्वग्रह जात नाही. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरिष्ठांचा पाठिंबा हवा. अटी अपुऱ्या असल्या तरी सहवासाचा थोडा उपयोग होतो, असं पुढच्या संशोधनात दिसलं. पण अटी असल्या तर तो जास्त होतो. कारखान्यात मालक एका समाजाचा, माग चालवणारे दुसऱ्या आणि झाडलोट कायम तिसऱ्याकडे असेल, तर तिथे शेजार आहे, बरोबरी नाही.

‘गुण असले की काम मिळतंच.’ गुण डोळ्यात भरणारे असले तर मिळतं, एवढं खरं. अडतं ते मधल्या पट्ट्यात. जॉन डोव्हिडिओ आणि सॅम्युअल गर्टनर यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना एका जागेसाठी उमेदवार निवडायला लावले; एकदा १९८९ च्या सुमारास, पुन्हा दहा वर्षांनी. कृष्णवर्णीय उमेदवार उघडच लायक असला तर अन्याय झाला नाही. काही बाजू भक्कम आणि काही लंगड्या असल्या की गोऱ्याला झुकतं माप मिळालं. दहा वर्षांत उघड पूर्वग्रह घटला, झुकतं माप मात्र राहिलं. कारण मधल्या पट्ट्यात सबब हाताशी असते: ‘अनुभव जरा कमी वाटला.’ नाकारणाऱ्यालाही ती खरीच वाटते. म्हणून ‘माझ्या मनात तसं काही नसतं’ हे प्रामाणिक असलं तरी पुरावा ठरत नाही.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. तोलामोलाचं शिक्षण असूनही, सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोनतृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश होती.

सोलापुरात नाव झाकलं तरी पत्ता बोलतो. ‘सेटलमेंट’ ही वस्ती घ्या. ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं आणि इथे तारेच्या कुंपणात कोंडलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गुन्हा रक्तात असतो ही वंशवादी कल्पना मात्र ‘पत्ता बघून घ्या हं’ एवढ्याशा सूचनेत शाबूत आहे.

टॉवेल कारखान्यात सुपरवायझर नेमायचा असेल, तर निकष आणि गुण जाहिरातीआधीच लिहा: मागाची माहिती ४०, हिशेब ३०, शिफ्ट सांभाळणं ३०. अर्ज चाळणीला जाण्याआधी नाव, पत्ता, फोटो दुसऱ्या माणसाने झाकावेत. शाळेचं नाव हमखास राहून जातं आणि उर्दू माध्यम लगेच कळतं, तेही झाका. सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येक मुलाखतकाराने आपण दिलेले गुण चर्चेआधी लिहून टाकावेत, नाहीतर मालक बोलले की बाकीचे आकडे त्यांच्यामागे धावतात. ‘आपल्यात बसणार नाही’ हा शेरा चालवून घेऊ नये. कोणत्या निकषात किती कमी, तेवढंच लिहावं.

आणि ते ‘मनाला लावून घेणं’? १९७४ मधल्या एका अमेरिकन प्रयोगात गोऱ्या मुलाखतकारांनी गोऱ्या उमेदवारांना सरासरी पावणेतेरा मिनिटं दिली, कृष्णवर्णीयांना साडेनऊच्या आत उरकलं. शिवाय लांब बसले, बोलताना जास्त अडखळले. मग प्रशिक्षित मुलाखतकार काही गोऱ्या उमेदवारांशीही तसंच तुटक वागले, आणि तेही मुलाखतीत कमी पडले. म्हणजे आधी वागणूक, मग ‘हा घाबरट दिसतो’ हा शेरा! मुलाखतीची वेळ घड्याळ लावून सारखी ठेवणं आणि खुर्च्या आधीच मांडणं याला पैसाही लागत नाही.

मनातला छुपा पूर्वग्रह ‘तपासणाऱ्या’ ऑनलाइन चाचण्यांच्या मात्र नादी लागू नये. एकाच माणसाचा निकाल दोन वेळा बराच वेगळा येऊ शकतो. घर भाड्याने देताना भेदभाव टाळणं नोकरभरतीहून सोपं: भाडं, डिपॉझिट, अटी आधी कागदावर लिहा, आणि अटी पाळणारा जो पहिला येईल त्याला चावी द्या.