चार इंच लिफ्ट म्हणजे चार इंच क्लिअरन्स? नाही हो

ऑफ-रोडिंगसाठी गाडीला लिफ्ट करण्यावरच्या (म्हणजे सस्पेन्शनमधून गाडी उंच करण्यावरच्या) लेखात म्हटलंय की जितकी जास्त लिफ्ट तितका ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतलं अंतर) जास्त, पण हे सॉलिड अ‍ॅक्सल गाडीला (जिची डावी-उजवी चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर असतात) अर्धंच लागू पडतं. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, पण डिफरन्शियलचा गोळा (अ‍ॅक्सलवरचा गिअरचा डबा) आहे तिथेच लटकतो, त्याला वर उचलतो तो फक्त टायर, आणि तेही व्यास २ इंच वाढवला तर १ इंचच मिळतो. दगडावर आपटतं नेमकं तेच ना! अप्रोच अँगल (पुढचा बंपर न घासता चढता येतो तो कोन) सुधारतो, मोठा टायर बसायला जागा होते, हे मान्य.

मी हौसेने ४ इंच केली होती, स्प्रिंगवर नुसते स्पेसर टाकून, शॉक अ‍ॅब्झॉर्बर जुनेच. झालं काय, कॅस्टर (चाकं आपोआप सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या पिव्हटचा मागे झुकलेला कोन) कमी झाला आणि ऐंशीच्या स्पीडला गाडी रस्ताभर भटकायला लागली, स्टिअरिंग सोडलं तर सरळ यायचं नावच नाही, वर शॉकची लांबी तेवढीच असल्यामुळे खड्ड्यात चाक खाली जाताना खाडकन आवाज. शेवटी सगळं काढून २ इंचाच्या स्प्रिंगा, त्यांना जुळतील अशा लांबीचे शॉक आणि कॅस्टर करेक्शनचे (कोन परत जागेवर आणणारे) बुश टाकले. आणि स्प्रिंग घेताना गाडीवर कायमचं वजन किती हे आधी बघा (अडकलेली गाडी ओढायचा विंच, रूफ रॅक वगैरे), रिकाम्या गाडीला हेवी स्प्रिंग म्हणजे पाठीचा खुळखुळा.