मीठ नको, लोणचं वाढा

डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडवता सोडवता 'मीठ कमी करा' असं सांगितलं ना? बरं झालं. आता ही बातमी परभणीपासून उदगीरपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत पोचवा. त्यासाठी लग्नाच्या पंगतीसारखी जागा नाही. वाढपी मिठाचं भांडं घेऊन आला की ताटावर हात आडवा धरा आणि शेजारच्या चौघांना ऐकू जाईल असं म्हणा, "नको बाप्पा, बीपी आहे." झालं तुमचं पथ्य. हात काढा आता, मागून लोणचंवाला येतोय.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. चहाचा एक चमचा सपाट भरला तरी थोडं जास्तच होतं. एवढ्या मिठात सोडियम साधारण २ ग्रॅम, आणि बीपी वाढवतं ते हे सोडियमच. ह्या आकड्याने तुम्ही घाबरायचं कारण नाही. तो मिठाचा आहे, आणि मीठ तर तुम्ही सोडलंय! सोडियम दुसऱ्या नावाने घरात आलं तर त्याला तुम्ही काय करणार?

उदाहरणार्थ खायचा सोडा. आपल्याकडे बऱ्याच गावांत बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीचा गर घट्टच राहतो, आणि लातूरच्या बाजारातली चांगली तूरडाळसुद्धा पाच शिट्ट्या होऊन दाताखाली कचकच लागते. मग चिमूटभर सोडा. डाळ लोण्यासारखी होते, जावई खूश होतो. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त सोडियमच. चहाचा एक चमचा सोडा म्हणजे १२०० मिलिग्रॅमच्या वर. अर्थात डाळीत कोणी चमचाभर घालत नाही. पण सकाळच्या भज्यांत चिमूट, ढोकळ्यात अर्धा चमचा, रात्री जड झालं म्हणून ग्लासात फसफसणारी पुडी, तीही सोड्याचीच. माझ्या आत्याला हे एकदा समजावून सांगायला गेलो. ती म्हणाली, "सोडा म्हंजे काय मीठ हाय व्हय? उगं कामून घाबरवतोस?" खारट लागत नाही ते मीठ नव्हे, हा तिचा सिद्धांत. तुम्हीही तोच धरा, फार सोयीचा आहे.

ह्या सिद्धांतात पापड आपोआप बसतो. उन्हाळ्यात गच्चीवर बायकांनी लाटलेला उडदाचा पापड हे घरचं अन्न, त्यात वाईट काय असणार? पिठात मीठ असतं, पापडखार असतो आणि पापडखारही सोडियमचाच क्षार. पण पापड भाजून खाल्ला की पथ्याचा होतो, तळला तरच अपथ्य. तेल तेवढं वाचतं हे खरं. खार मात्र भाजून जळत नाही.

आमटी खारट झालीच तर घाबरू नका, त्यात बटाटा सोडा. बटाटा आमटीचं खारट पाणी शोषून घेतो, पण राहिलेली आमटी होती तेवढीच खारट राहते. पुढची पायरी फार महत्त्वाची: तो बटाटा टाकून देऊ नका, खा. तरीही जमलं नाही तर चिंच-गूळ वाढवा. खारटपणा झाकला जातो, सोडियम जागचं हलत नाही. मग आमटी छान झाली म्हणून आणखी एक वाटी घ्या.

उपवासाचं तर विचारूच नका. श्रावणी सोमवारी औंढ्याला नाही तर परळीला दर्शन घेऊन आलात की भगर आणि शेंगदाण्याची आमटी सैंधव घालून करा, हात सैल सोडून घाला. सैंधव गुलाबी, देवाला चालणारं, डोंगरातलं. ते बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच आहे असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याने उपवास धरलेला नसतो. काळ्या मिठाचंही तसंच. ताकात, सरबतात, कलिंगडावर भुरभुरवत राहा, ते तर पाचक आहे!

आता मसाले. कांडपावरून आणलेल्या काळ्या तिखटात, कांदा-लसूण मसाल्यात टिकावं म्हणून खडेमीठ पडलेलं असतं. त्यामुळे भाजी चाखायच्या आधी सवयीने वरून मीठ घालायचं, नाहीतर त्या मसाल्यातल्या मिठाला एकटं वाटेल. विकतची पुडी आणली तर मागचं बारीक अक्षर वाचू नका. जे वजनाने सर्वांत जास्त ते आधी छापायचं असा नियम आहे, आणि चाट मसाल्याच्या यादीत बहुधा मीठ आमचूर-जिऱ्याच्याही आधी भेटतं. सोडियमचा आकडा छापलेला असेल तर त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. पण स्वयंपाकघरात गणित कशाला? चायनीजच्या गाडीवरच्या पांढऱ्या पावडरीची, म्हणजे अजिनोमोटोची, मात्र यथेच्छ निंदा करा. तिच्यात वजनाला जेमतेम १२ टक्के सोडियम असतं, मिठाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. शेजारच्या काळ्या सोया सॉसचा मोठा चमचा सरासरी ९०० मिलिग्रॅमच्या घरात जातो, पण त्याची निंदा कोणी करत नाही, म्हणून तुम्हीही करू नका.

सगळ्यांत आधी ताटातून घालवायची ती ज्वारीची भाकरी. पीठ, गरम पाणी, तवा. बऱ्याच घरांत तिच्यात मीठ नसतंच. आजारी माणसाला इतकं गावंढळ अन्न शोभत नाही. त्याला हलकं द्या: पावाचे स्लाइस, टोस्ट, खारी. दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येकजण तेच आणतो. खारीच्या नावातच सगळं आलंय, तरी चहात बुडवली की कोणाला आठवतं?

एक गोष्ट मात्र मी गंमत म्हणूनही सांगणार नाही. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात सोडियमच्या जागी बराचसा पोटॅशियम क्लोराइड असतो. किडनीचा त्रास असलेल्याने, किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्याने, ते शेजाऱ्याच्या सांगण्यावरून आणू नये. डॉक्टरांना विचारावं.

बाकी अळणी खायचा प्रयोग अजिबात करू नका. काही आठवड्यांत जिभेला सवय होते म्हणतात, आणि मग वहिनींनी प्रेमाने बरणीतून काढलेलं लोणचं खारट लागायला लागतं. दिवाळीत तसं तोंडातून निघून गेलं तर पुढच्या वर्षी बरणी येत नाही.

तर पंगतीत बसा. लोणचं दोनदा घ्या, पापड, कुरडई, खारातली मिरची, ठेचा, कारळाची चटणी, सगळं चाटूनपुसून संपवा. वाढप्याने हात चुकवून ताटाच्या कडेला टाकलेलं चिमूटभर मीठ तेवढं तसंच ठेवा. उठायच्या आधी मोबाइलवर ताटाचा फोटो काढा, मीठ नीट दिसेल असा, आणि डॉक्टरांना पाठवून द्या.